उभे राहिले की छाती धडधडते, त्याचे काय करायचे?

आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या संध्याकाळी मुलांची भाषणे असतात. चार वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी स्टेजवर आली. पांढरा ड्रेस, निळी ओढणी. भाषण वहीतून पाठ केलेले. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून तिसऱ्या वाक्यापर्यंत ती धडाधड बोलली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा त्याच जागी अडली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागून कुणीतरी ‘झालं, बॅटरी उतरली’ म्हणाले आणि सगळा मंडप हसला. आम्हीही हसलो. निवेदकाने टाळ्या वाजवायला सांगितल्या तोवर ती खाली पळाली होती.

पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी तिच्या पोटात दुखू लागते आणि ती घरी राहते, हे तिच्या आईकडून आम्हाला दोन वर्षांनी कळले. आईला वाटत होते, पोरगी बहाणे करते. पोटदुखी मात्र खरी होती. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

आम्ही म्हणजे विहाराच्या कामात असलेले सात-आठ जण. एक आशाताई, एक निवृत्त शिक्षक, दोघी घरकाम करणाऱ्या, बाकीचे खोपोली-रसायनीकडच्या कंपन्यांत पाळीवर जाणारे. आमच्यातही निम्म्या जणांना माईक समोर आला की घाम फुटतो. तेव्हा हा उपदेश वरून आलेला नाही.

आधी शरीराचे पाहू. भात लावताना चिखलात पायाशी नाग दिसला तर काय होते ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विचार करायच्या आत शरीर तयार होते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळते, श्वास भराभर होतो. पळायचे किंवा लढायचे, दोन्हीसाठी हे उपयोगाचे आहे. अडचण एवढीच की शंभर माणसांच्या नजरा आपल्यावर खिळल्या की मेंदू त्याही नागासारख्याच मोजतो. मग पोटात खड्डा पडतो, कारण पचनाचे काम मागे पडलेले असते. लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. स्नायू ताणलेले असतात म्हणून हातातला कागद थरथरतो. श्वास छातीच्या वरच्या वर चालतो म्हणून आवाज चिरकतो. आणि पाठ केलेले विसरते, कारण धोक्याच्या वेळी डोक्याला पाठांतर काढून देण्यात रस नसतो, वाट शोधण्यात असतो.

हे कुणाला होत नाही असे नाही. नामवंत वक्त्यांना होते, गायकांना होते, वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलांनाही होते. फरक पडतो तो पुढच्या दोन मिनिटांत. ही धडधड साधारणपणे बोलायला सुरुवात करण्याच्या जरा आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असते. नंतर ती आपोआप उतरू लागते. जो तेवढा वेळ टिकतो त्याच्या शरीराला कळते की इथे नाग नव्हता. जो पहिल्या मिनिटात खाली पळतो त्याचे शरीर उलटा धडा घेते, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते, आदल्या रात्रीपासून येते, मग नुसते नाव पुकारले तरी येते. आमच्या त्या मुलीचे हेच झाले. आणि तिला पळवून लावले कोणी, तर हसणाऱ्या मंडपाने, म्हणजे आम्हीच.

आता कुणी म्हणेल, स्टेजची भीती सगळ्या जातीधर्मांत असते, त्यात आपले वेगळे काय? शरीराच्या बाबतीत काही वेगळे नाही. पण शरीर भीती शिकते कुठून, हे पाहावे लागते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या चावडीच्या पायरीखाली उभे केले, विचारल्याशिवाय बोलू दिले नाही, ‘जी मायबाप’ यापलीकडचे शब्द तोंडातून आले तर काठी दाखवली, त्या समाजात गप्प राहणे हीच सुरक्षितता होती. आईने मुलीला आणि बापाने मुलाला ‘तू बोलू नको, आपल्याला काय करायचंय’ हे शिकवले, ते प्रेमापोटीच शिकवले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. आपला समाज मुका जन्माला आलेला नाही, त्याला मुका केले गेले, हे त्यांना पक्के माहीत होते.

त्यांच्या स्वतःच्या शाळेतली एक आठवण चरित्रांत येते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. ते उठताच वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते आणि याच्या जाण्याने ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला फेकले. वर्गापुढे उभे राहण्याचा हा अनुभव एका विद्यार्थ्याचा. आज डबे कुणी हलवत नाही. पण ‘पानी’ म्हटले की वर्ग हसतो. ‘ण’ची जागा ‘न’ने घेतली, ‘कोण’चे ‘कोन’ झाले, की मुलाचा मुद्दा कुणी ऐकत नाही, उच्चार ऐकतात. आमच्या भागात आगरी बोलणारे, ठाकर, कातकरी, आपण, सगळेच या हसण्याचे धनी. आमच्यातले निवृत्त गुरुजी सांगतात की त्यांनी अशी कितीतरी मुले पाहिली, ज्यांनी पाचवीत हात वर करणे बंद केले ते कायमचे. गुरुजी पुढे हेही सांगतात की नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ते स्वतः असे उच्चार मध्येच थांबवून दुरुस्त करायचे. आता त्यांना ते आठवले की बरे वाटत नाही.

एक गंमत मात्र आम्ही नेहमी पाहतो. आपली माणसे मुकी मुळीच नाहीत. सकाळच्या कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवरून जे भांडण होते, ते ऐकून कुणी म्हणेल का की या बाईला बोलता येत नाही? मुद्दा आहे, पुरावा आहे, आवाज आहे, समोरच्याला गप्प करण्याची हातोटी आहे. खोपोली गाडी चुकल्यावर स्टेशनवर जो संताप निघतो तोही चांगल्यापैकी भाषणच असतो. तीच ताई ग्रामसभेत भिंतीला टेकून बसते आणि पदर तोंडावर घेते. तेव्हा तिच्याकडे शब्द नाहीत असे समजणे चूक आहे. अमुक जागी आपण बोलायचे नाही, एवढेच शरीराने धरून ठेवलेले आहे. जागेची भीती आहे, आणि जागेची सवय करता येते.

गप्प राहण्याची किंमत काय, याचा हिशेब आम्ही एकदा मांडून पाहिला. वर्षात निदान चार ग्रामसभा होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावागावांत ठरून गेलेल्या आहेत. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे लागतात. म्हणजे वस्तीतून वीस जण गेले आणि त्यांतले तिघे बोलले, तर त्यांचे वजन पडते. पण आपण जातो, सही करतो आणि परत येतो. मग घरकुलाची यादी दुसरेच वाचून दाखवतात. पंचायतीत २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, तरी कितीतरी ठिकाणी ताई खुर्चीवर आणि बोलणारे तिचे यजमान, हे आपण पाहतो. कर्जत, खोपोली, खालापूर या शहरांच्या हद्दीतल्या वस्त्यांना तर ग्रामसभाही नाही. तिथे नगरसेवकाच्या दारात उभे राहून बोलावे लागते, ते आणखी अवघड.

आणि दवाखाना. ओपीडीतल्या टेबलाशी आपण उभे असतो, मागे चाळीस माणसांची रांग, पुढच्या दोघींचे कान आपल्याकडे. ही सुद्धा एक सभाच आहे. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय?’ ताई म्हणतात, ‘अंग दुखतंय.’ अंगावरून पांढरे जाते, लघवीला जळजळ होते, छातीत गाठ लागते, हे ओठांवर येऊन परत जाते. अंगदुखीच्या गोळ्या घेऊन ताई घरी. आमच्या आशाताईंनी यावर एक साधी सवय लावली आहे. घरून निघताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: काय होते, कधीपासून, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्यायचे. टेबलाशी जीभ अडली तर चिठ्ठी पुढे करायची. ‘मॅडम, जरा बाजूला सांगते’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे, तेही त्या बजावून सांगतात.

मग उपाय काय? ‘आत्मविश्वास बाळगा’ हे वाक्य आम्ही वक्तृत्व स्पर्धांच्या बक्षीस समारंभात फार वेळा ऐकले आहे. त्याने कुणाची जीभ सुटल्याचे आम्हाला तरी माहीत नाही. भीती जाते ती भीतीच्या जागी थोडे थोडे, वारंवार आणि कुणी न हसता उभे राहिल्याने. मानसोपचाराचे डॉक्टरही हेच करून घेतात: आधी सोपी पायरी, ती अंगवळणी पडली की पुढची. त्यासाठी चार गोष्टी लागतात. ओळखीची माणसे, ठरलेली वेळ, हातात धरायला काहीतरी मजकूर, आणि तीनएक महिन्यांचा सराव. हे सगळे आपल्याकडे आयते आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते.

आमच्याकडे हे वाचन कितीतरी वर्षे दोनच जण करायचे. दोघांचे वाचन उत्तम. बाकीचे हात जोडून ऐकायचे, बायका मागे, लहान मुले पेंगायची. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की दररोज पाच जणांनी वाचायचे, प्रत्येकी अर्धे पान. पहिला आठवडा सगळ्यांनी जागेवर बसूनच वाचायचे, माईक बंद. दुसऱ्या आठवड्यात बसूनच, पण माईक सुरू. आपलाच आवाज भोंग्यातून परत कानावर आदळला की माणूस दचकतो, ही वेगळीच भीती असते आणि ती वेगळी काढावी लागते. महिनाभराने ज्याला वाटेल त्याने उभे राहायचे. शेवटच्या महिन्यात वाचलेल्या भागावर आपल्या शब्दांत तीन-चार वाक्ये बोलायची. एकच नियम कडक ठेवला. वाचणाऱ्याला मध्ये थांबवून उच्चार दुरुस्त करायचा नाही, अडला तर शब्द पुरवायचा नाही, त्याचा तो काढेपर्यंत गप्प बसायचे. हा नियम पाळणे ऐकणाऱ्यांना फार जड गेले. गुरुजींनी पहिले पंधरा दिवस अक्षरशः ओठ दाबून धरले होते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. जुन्या वाचकांपैकी एक काका रुसले. ‘ग्रंथाचा अपमान होतो, एका ओळीला पाच मिनिटं लागतात,’ म्हणाले. त्यांचे दुःख आम्हाला समजत होते, वाचनाची गोडी खरोखरच कमी झाली होती. मध्ये आम्ही उत्साहाच्या भरात ‘उत्कृष्ट वाचक’ म्हणून बक्षीस ठेवले. त्या आठवड्यात नावे देणारे निम्म्यावर आले. बक्षीस काढून टाकले तेव्हा परत आले. जुलैतल्या मुसळधार पावसात तीन दिवस वीज नव्हती. त्या तीन दिवशी मेणबत्तीच्या उजेडात सर्वांत जास्त बायकांनी वाचले. चेहरे नीट दिसत नव्हते म्हणून असेल.

सत्तरीच्या पुढच्या एका आजींना वाचता येत नाही. त्यांची पाळी आली तेव्हा नातवाने हळू आवाजात एकेक वाक्य सांगायचे आणि त्यांनी ते मोठ्याने म्हणायचे, अशी युक्ती काढली. तिसऱ्या दिवशी आजींनी नातवाला गप्प केले. ‘हे मला ठावं हाय,’ म्हणाल्या आणि सम्यक वाचा म्हणजे काय ते स्वतःच्या घरातल्या भांडणाचे उदाहरण देऊन सांगू लागल्या. दहा मिनिटे बोलल्या. सुनेचे तोंड पाहण्यासारखे झाले होते, पण तो विषय वेगळा.

सम्यक वाचेवरचा तो भाग या निमित्ताने सगळ्यांनी पुन्हा वाचावा. खोटे बोलू नये, निंदा करू नये, कठोर बोलू नये, हे आपण पाठच करतो. पण बाबासाहेबांनी तिथे आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. माणसाचे योग्य बोलणे कुणाच्या भीतीवर किंवा मर्जीवर अवलंबून असू नये, वरचढ माणसाला काय वाटेल आणि आपले काय नुकसान होईल याचा त्यात विचार येऊ नये. म्हणजे भीतीने गप्प राहणे हाही त्या वाटेवरचा अडथळा झाला. पंचशीलातले चौथे शील रोज म्हणणाऱ्यांनी एवढे जरूर पाहावे.

ती मुलगी पहिल्या वर्षी यायची आणि चपलांच्या जवळ बसायची. आम्ही नाव पुकारले नाही. एके दिवशी वाचणारी एक ताई रात्रपाळीमुळे आली नाही, तेव्हा तिने आपणहून ग्रंथ पुढे ओढला आणि मान खाली घालून अर्धे पान वाचले. दुसऱ्या वर्षी उभी राहून वाचले. भीमजयंतीच्या स्टेजवर ती अजून चढलेली नाही आणि आम्ही आग्रहही करत नाही. तोंडी परीक्षेला मात्र जाते.

सरावाबरोबर काही छोट्या गोष्टी उपयोगी पडतात. आम्हाला पडल्या त्या सांगतो. भाषण शब्दन्‌शब्द पाठ करू नका, करायला लावू नका. पाठांतराची साखळी एका कडीत तुटली की सगळी जाते. मुद्दे ठरवा, फक्त पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पक्के करा. पहिले वाक्य तोंडात बसले असेल तर तो वाईट पहिला मिनिट निघून जातो. कागद जाड घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवला तर उत्तम, थरथरला तरी फडफडत नाही. पाळी येण्याआधी पाच-सात वेळा श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. आत घेताना मनात चारपर्यंत मोजले तर सोडताना सहापर्यंत. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती खाली येते, हा शरीराचाच नियम आहे. आनापानाचा सराव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पाय जमिनीवर घट्ट ठेवा. उपाशीपोटी उभे राहू नका, आणि धीर येण्यासाठी तीन-तीन चहा पिऊ नका, चहाने धडधड वाढते. गर्दीकडे बघवत नसेल तर एका ओळखीच्या चेहऱ्याशी बोला. आणि एक लक्षात ठेवा: आपल्या छातीतले ढोल आपल्यालाच ऐकू येतात. आपण किती घाबरलो आहोत हे समोरच्यांना आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कमी दिसते.

विसरले तर? ‘थांबा, माझा मुद्दा निसटला’ असे सरळ म्हणावे आणि कागद पाहावा. यात लाज कसली? घटना समितीत नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. त्यावरील चर्चेत १७ डिसेंबरला अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी अचानक बाबासाहेबांना बोलायला बोलावले. बाबासाहेबांनी सुरुवातच अशी केली की हे बोलावणे आपल्याला अनपेक्षित आहे, आपल्या आधी वीस-बावीस नावे होती म्हणून पाळी उद्या येईल असे वाटले होते, आज आपण काहीही तयारी करून आलेलो नाही, आणि वेळही दहाच मिनिटांचा दिला आहे. देशभरातून आलेल्या प्रतिनिधींपुढे त्यांनी हे उघड सांगितले आणि मग बोलले. ते भाषण आजही अभ्यासले जाते. त्यांच्यामागे आयुष्यभराचे वाचन होते, हे खरेच. पण तयारी नाही हे सांगायला त्यांना संकोच वाटला नाही, आणि आपला पोरगा एक ओळ विसरला तर आपण त्याला ‘नाक कापलंस’ म्हणतो.

काही वेळा सराव पुरत नाही. चारचौघांत जेवायला, फोनवर बोलायला, दुकानात सुटे मागायलाही भीती वाटत असेल, सहा महिने किंवा जास्त काळ हे चालू असेल, त्यापायी शाळा किंवा काम सुटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा, किंवा आधी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येते. धडधड थांबवणारी गोळी मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. अशा काही गोळ्या दमा असलेल्यांना किंवा हृदयाचे ठोके कमी असलेल्यांना धोक्याच्या ठरतात. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. ‘थोडी घेतली की बोलता येतं’ म्हणणारे कार्यकर्ते आपल्या पाहण्यात आहेत. त्यांचे पुढे काय होते तेही आपल्या पाहण्यात आहे. आणि तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. तोतऱ्या मुलाला वाणी-उपचार तज्ज्ञाकडे न्यावे, त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये, आणि त्याची नक्कल करणाऱ्याला मोठ्यांनी जागच्या जागी थांबवावे.

शेवटचे बोलायचे ते आपल्या स्टेजबद्दल, आणि ते काहींना झोंबेल. जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपले कार्यक्रम तीन-तीन तास चालतात. त्यातला पहिला तास सत्कारात जातो. शाल, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल. मग तालुक्याचे, जिल्ह्याचे, आलेले सगळे नेते बोलतात. सगळ्यांचे म्हणणे साधारण एकच असते. मुलांना शेवटची पंधरा मिनिटे, तीही ‘वेळेअभावी दोन मिनिटांत आटपा’ म्हणून. बायका मंडपामागे भोजनदानाच्या पातेल्यांजवळ. डिसेंबर १९२७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी मुद्दाम वेगळे भाषण केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हजारो स्त्रिया जमल्या होत्या, आणि घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाविरुद्धचे ठराव स्त्रियांनीच मांडले आणि बोलून मंजूर केले. त्या काळात त्यांना माईक मिळाला. आज आपल्या मंडपात त्यांना कढई मिळते. आमची मागणी साधी आहे. सत्कार निम्मे करा, मुलांची भाषणे सुरुवातीला घ्या, एका स्त्री वक्त्याची जागा वस्तीतल्याच ताईसाठी राखून ठेवा, आणि मुलगा किंवा मुलगी अडली तर निवेदकाने हसणाऱ्यांना थांबवावे. जमल्यास निवेदनही एखाद्या मुलीकडे द्या.

आमच्यातल्या घरकाम करणाऱ्या दोघींपैकी एक ताई यंदा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहिली. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद हातात. आमच्या वस्तीत नळ बसले, तोट्या बसल्या, पाणी येत नाही, टाकीकडून येणारी लाईन कुठे तुटली ते दाखवायला आम्ही तयार आहोत, असे चार वाक्यांत तिने वाचले. आवाज कापत होता. पुढच्या खुर्चीवरून कुणीतरी ‘बघू बघू, बसा ताई’ म्हणाले. ती म्हणाली, ‘प्रोसिडिंगमध्ये लिहा, मग बसते.’ ग्रामसेवकाने लिहून घेतले तोवर ती उभीच होती. बाहेर आल्यावर तिचे हात इतके थरथरत होते की चहाचा कप बशीसकट आम्हाला धरावा लागला. पाणी अजून आलेले नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तिच्याबरोबर आणखी दोघी जाणार आहेत, कागद त्यांचा त्यांनी लिहायला घेतला आहे.